हसून आलासा न्हवं?

दोन हजार एकोणीस साल, जुलै महिना. मंगळवार पेठेतल्या घराच्या दारात आकारामतात्या एक चप्पल काढून उभे होते आणि धोंडुबाई उंबऱ्याच्या आत, हातात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. पाणी मात्र ओतत नव्हती.

“हसून आलासा न्हवं?” तिनं विचारलं.

“आज हसायचं कामच न्हवतं.”

तिचा चेहरा उतरला. “म्हंजे?”

“म्हंजे मेलोच न्हाय. आन मरणारबी न्हाय. ह्या पिक्चरात मी शेवटपतूर जिता हाय. खोटं वाटत आसंल तर इचार झुंबरबाईला.”

झुंबरबाई म्हणजे मी. शिरोळकडच्या चित्रीकरणाहून कंपनीच्या गाडीनं आम्हां दोघांना एकत्रच सोडलं होतं, आणि माझं घर त्यांच्या समोरचंच. तात्या सांगतात ते खरं आहे, असं मी म्हटलं. धोंडुबाईनं मान वाकडी करून मला नजरेत धरलं. अलीकडं तिला असंच बघावं लागायचं. मग तिनं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, माझ्याही ओतलं, आणि आत वळता वळता म्हणाली, “जल्मात पयल्यांदा ह्यांस्नी जिता ठेवणारा भेटला म्हणायचा. कोण पुण्यवान हाय त्यो?”

ही हसण्याची भानगड आता कोणाला सांगितली तर कळणार नाही. आमच्या वेळी कोल्हापूरच्या स्टुडिओत एक रीत होती. पडद्यावर ज्याला मारलं त्याला तसाच घरी पाठवायचा नाही. शॉट संपला की त्यानं त्याच तिरडीवर उठून बसायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं आणि हसायचं. निर्माता कितीही चिक्कू असो, कॅमेरामन तेवढी फिल्म खर्ची घालायचाच. ज्याच्या फोटोला हार घातला असेल, त्यानं तो आपल्या हातानं काढायचा आणि फोटोशेजारी उभं राहून हसायचं. कॅमेऱ्यात मेलास तर कॅमेऱ्यातच ऊठ, एवढाच त्याचा अर्थ. ते हसू कधी कोणत्या सिनेमात दिसलं नाही, कापून टाकत. पण ते घेतल्याशिवाय कोणी दिवे बंद करत नसे.

आणि आकाराम मगदूम हा माणूस तर जन्मभर मेला.

मूळचे कुरुंदवाडचे. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम आणि जत्रांच्या दिवसांत नाटकं. उंच, हाडकुळे, गालफडं बसलेली, डोळे तेवढे मोठे. तुमच्यासारखा माणूस मरताना छान दिसतो, असं एका दिग्दर्शकानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून ते सिनेमात नायकाचे बाप झाले, नायिकेचे बाप झाले, गावचे प्रामाणिक मास्तर झाले, आणि प्रत्येक वेळी गेले. विहिरीत पडून, पान लागून म्हणजे साप चावून, पाटलाच्या माणसांच्या काठ्या खाऊन, क्षयानं खोकून. मध्यंतराच्या आत ते आटपले की मुलगा सूड घ्यायला मोकळा. कारखान्यातला फोरमन रजा देताना विचारायचा, “ह्या वक्ताला किती दीस मरणार?” तात्या गंभीर तोंडानं सांगायचे, “एकच. पाऊस आला तर उद्या परत.”

मी बहुतेक वेळा त्यांची बायको असे. छाती बडवून रडण्याचं काम माझं. माझा खरा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. त्याच्यासाठी मी रडले नसेन तेवढी तात्यांसाठी रडले. अशा शॉटनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई मला बोलावून घ्यायची आणि पाटावर बसवून हळदकुंकू लावायची. तिची सासू एकदा म्हणाली, विधवेला कशाला? “माझ्या नवऱ्यापायी पुसलंय तिनं, मीच लावणार,” धोंडुबाई म्हणाली. सासूनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आम्हां सगळ्यांना रंगवायचा मेकअपवाला नबीलाल. तात्या मेले की खरोखरच गेल्यासारखे पडायचे. श्वास इतका बारीक घ्यायचे की शेजारी बसून रडताना मलाच भीती वाटायची. शॉट संपला तरी त्यांना लगेच त्यातून बाहेर येता येत नसे, मग हसू कुठलं. तेव्हा नबीलाल पायथ्याशी जायचा आणि ब्रशचं मागचं टोक त्यांच्या तळपायावरून टाचेपासून बोटांपर्यंत ओढायचा. “ऊठ मुडद्या, च्या गार व्हायलाय.” तात्यांचे पाय झटकले जायचे आणि ते असे हसायचे की सेटवरचा शेवटचा माणूसही हसायचा. पोटातून उसळणारं, मध्येच ठसका लागून तुटणारं, पुन्हा सुरू होणारं. तसलं हसू नटाला ठरवून आणता येत नाही.

धोंडुबाईनं यातलं काहीच पाहिलं नव्हतं. लग्न नवं असताना तिच्या माहेरी, चंदगडकडच्या एका गावात, जत्रेला तात्यांचं नाटक झालं. शेवटच्या अंकात भाला लागून ते मेले आणि लोकांनी वन्स मोअर दिला. तात्या उठले, अंगावरची धूळ झटकली आणि परत मेले. शिट्ट्या, टाळ्या थांबेनात. बायकांत बसलेली धोंडुबाई उठून अंधारात घरी निघून गेली. “माझ्या म्हायेरच्या माणसांनी माझा नवरा दोनदा मारला आन टाळ्या पिटल्या,” असं ती अजूनही सांगते. पुढं तिनं त्यांचं एकही नाटक पाहिलं नाही, सिनेमा पाहिला नाही. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ती चुलीपाशी जाऊन बसायची. नवऱ्याच्या कामाशी तिचा संबंध दारातल्या त्या एका प्रश्नापुरता. हसून आलासा न्हवं? हो म्हटलं की पाणी. मग जेवण, झोप, सगळं रीतसर.

तात्यांनी याची थट्टा केली तरी त्यांना ते लागत होतं. रिक्षावाले त्यांना ओळखायचे, भाजीवाल्या बायका “पावणं, परवा लई रडवलासा” म्हणायच्या, आणि घरातल्या माणसानं मात्र पडद्यावर त्यांचं तोंड कधी बघितलेलं नव्हतं. त्यात धोंडुबाईला काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे ती किती टिकेल ते सांगता येत नाही. बोगद्यातून बघावं तसं तिला मधलं तेवढं दिसायचं. तात्यांनी धास्ती घेतली. तिची अट साधी होती: ज्यात तुम्ही मरत नाही तो मी बघेन. मग तात्या भेटेल त्या दिग्दर्शकाला सांगत सुटले की काम कितीही लहान द्या, पण मारू नका. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा विनोद करतोय.

विश्वजित हसला नाही. पोरगा कोल्हापूरचाच, पुण्याला शिकून आलेला, पहिलाच सिनेमा करत होता. त्यात एक गुऱ्हाळवाला म्हातारा होता, बायको गेलेली, भावकीशी भांडण, शहरातून परत आलेला नातू. शेवटच्या शॉटमध्ये म्हातारा काहिलीशेजारी बसून गरम गूळ चाखतो आणि नातवाकडं बघून हसतो. तिथं सिनेमा संपत होता. तात्यांनी ते पान मला दोन वेळा वाचून दाखवलं. माझं काम म्हणजे ताक मागायला येणारी शेजारीण. ते दोन दिवसांत संपलं. “ह्या वक्ताला रडायचं न्हाय झुंबरबाई, सुट्टी तुला,” ते म्हणाले.

घरातली दृश्यं जुलैत झाली. गुऱ्हाळाचं काम हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर करायचं ठरलं. एके दिवशी फोटोवाल्यानं तात्यांना नव्या पटक्यात पायरीवर बसवून एक फोटो काढला. पोस्टरसाठी, असं तो म्हणाला, आणि तेव्हा खरोखर तो पोस्टरसाठीच होता.

ऑगस्टमध्ये पूर आला. शिरोळ तालुका पाण्यात गेला. कुरुंदवाडला तात्यांच्या भावाच्या घरात छतापर्यंत पाणी होतं, माणसं बोटीतून काढली. सिनेमातलं म्हाताऱ्याचं घर, काहील, उसाची शेतं, सगळं कुजून गेलं. त्या दिवसांत सिनेमाचं नाव काढायची कोणाला लाज वाटावी, अशी परिस्थिती होती. दिवाळी झाली. कंपनी परत आली, थोडे दिवस काम करून गेली, असं उडत उडत कानावर आलं. तात्यांना बोलावणं आलं नाही. रोज सकाळी दाढी करून ते फोन समोर ठेवून बसायचे.

शेवटचा शॉट हातचा गेला म्हणायचा, असं मी एकदा भीतभीतच म्हटलं.

“जाऊ दे की,” तात्या म्हणाले. “मरायचा शॉट घ्यायला तरी कुणी बोलीवलं न्हाय न्हवं? मग माझ्याबिगर मला मारतील कसं?”

मलाही ते पटलं. आम्हां दोघांचं आयुष्य या धंद्यात गेलं होतं. मरण दाखवायचं तर माणूस लागतो, तिरडी लागते, मागाहून हसावं लागतं. बोलावलं नाही, त्या अर्थी मारलेलं नाही. याहून वेगळं काही असू शकतं हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

जानेवारीच्या अखेरीला सिनेमा लागला. धोंडुबाई इरकल लुगडं नेसली. वाटेत तिनं तात्यांना तीन-चारदा तरी विचारलं, नक्की न्हवं? तात्या म्हणाले, “आगं, माझं काम मला म्हाईत न्हाय व्हय?” थिएटरच्या दारावरच्या माणसानं त्यांना ओळखलं, नमस्कार केला आणि आम्हाला मधल्या खुर्च्या दिल्या. तात्या मध्ये बसले, एका बाजूला ती, एका बाजूला मी.

पहिल्याच दृश्यात तात्या होते. अंगणात उभं राहून बैलाशी बोलत होते. धोंडुबाईला ते सापडेनात. तात्यांनी तिची हनुवटी धरून तिचं तोंड हळूच डावीकडं वळवलं. मग तिला दिसलं. पदर तोंडाला लावून ती बघत राहिली.

“केवढं तोंड ओ हे,” ती पुटपुटली. “नाकातलं क्यास दिसत्यात की.”

तात्या अंधारात हसले. पडद्यावरचे तात्या हलले की ती पुन्हा चुकायची आणि पुन्हा त्यांना शोधायची. मधूनमधून शेजारच्या खुर्चीतला खरा हात चाचपून बघायची. मी ताक मागायला आले तेव्हा तिनं मला ओळखलं नाही, पण तात्यांनी मला दिलेलं उत्तर ऐकून ती मोठ्यानं हसली. घरातही ते असंच खेकसतात, म्हणाली. मध्यंतरात तिनं शेंगदाणे खाल्ले. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

मध्यंतरानंतर पडदा उजळला तो भिंतीवर. भिंतीवर तात्यांचा फोटो होता. नवा पटका, पायरीवर बसलेले. फोटोला झेंडूचा हार होता, खाली उदबत्ती जळत होती.

हलणारी माणसं धोंडुबाईच्या नजरेतून निसटत होती. फोटो हलत नव्हता. तो तिला नीट दिसला.

पुढं नातवाची आठवण म्हणून अंत्ययात्रा दाखवली. चौघे जण तिरडी घेऊन बांधावरून चालले होते, वरून पांढरं कापड. तात्या पुढं वाकून बघत होते. हलक्या आवाजात, जसं काही दुसऱ्याच कोणाचं काम बघत असावेत तसं म्हणाले, “खांदं वाकलं न्हाईत बघ. आत माणूस न्हाय. गादी गुंडाळलीया.”

धोंडुबाईनं त्यांचा दंड धरला. “हसलासा न्हवं?”

ते पडद्याकडंच बघत राहिले.

ती उभी राहिली. “आवो, मी काय इचारतो? हसलासा न्हवं तुमी?”

मागून कोणीतरी म्हणालं, मावशी, बसा की खाली. पडद्यावर नातू रडत होता. तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले, “मला म्हाईतच न्हाय गं. मला कुणी सांगितलंच न्हाय.”

आम्ही बाहेर आलो. रिक्षानं घरी आलो. दारात तात्या पाय पुढं करून थांबले. धोंडुबाई आत गेली, तांब्या भरून आणला, उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आणि परत आत गेली. त्या दिवसापासून ती दारात येईना. तात्या बाहेरून आले की तो तांब्या तिथं असायचा, आणि ते आपले आपण पाय धुवायचे. जेवायला वाढायची, औषधं द्यायची, पण परक्या माणसाशी वागावं तशी. मी तिला समजवायला गेले. म्हटलं, अगं, खोटी तिरडी, खोटा हार, माणूस समोर जिवंत बसलाय. ती तांदूळ निवडत होती. “त्ये अजून तितंच हायती, अक्का,” ती म्हणाली. “उठलं कुठं? उठल्याबिगर घरला येतील कसं?”

तात्या मला घेऊन विश्वजितच्या ऑफिसात गेले. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर. पोरगा भला. खुर्चीतून उठून तात्यांच्या पाया पडला. त्यानं सगळं सांगितलं. सेट वाहून गेला होता, मुख्य नटाच्या तारखा थोड्याच उरल्या होत्या, म्हाताऱ्याला संपवल्याशिवाय गोष्ट पुढं जाईना. कळवायला माणसाला सांगितलं होतं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि पुराच्या गडबडीत ते राहून गेलं. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. तुमचं काम लोकांना फार आवडलंय, असंही तो म्हणाला.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक शॉट घ्या माझा.”

“कसला?”

“तिरडीवरचा. मी पडतो. तुमी कट म्हना. मी उठून हसतो. तेवढंच.”

विश्वजित माझ्याकडं बघायला लागला. मी रीत सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकलं, मान हलवली, पण त्याला ते कळलं नाही. सिनेमा लागलाय तात्या, आता तो शॉट लावू कुठं, असं त्यानं विचारलं. लावू नका, नुसता घ्या, तात्या म्हणाले. तर कॅमेरे पुण्याला परत गेले होते. मग त्यानं तात्यांचे दोन्ही हात धरले आणि पुढच्या सिनेमात त्यांच्यासाठी मोठं काम लिहितो, असा शब्द दिला. त्याला वाटलं, म्हातारा काम मागायला आलाय.

जिना उतरताना तात्या मध्येच कठड्याला धरून थांबले. मी म्हटलं, दम लागला का? ते म्हणाले, “जल्मभर मरायला बोलवत व्हते. आता माझ्या तोंडानं मरान मागाय गेलो, तर न्हाय म्हनत्यात.” आणि तेही हसून म्हणाले नाहीत.

मग आम्ही घरीच करायचं ठरवलं. माझ्या मोबाइलवर व्हिडिओ निघतो, तोही कॅमेराच. भर दुपारी, परसात, तात्यांनी चटई अंथरली. मी कोपऱ्यावरून झेंडूचा हार आणला. तात्या आडवे झाले, मी हार घातला, कपाळाला गुलाल लावला, आणि मोबाइल धरून उभी राहिले. धोंडुबाई आत भिंतीकडं तोंड करून बसली होती.

तात्या गेले. म्हणजे पूर्वीसारखेच गेले. तोंडावरचं सगळं उतरलं, छाती हलेना. उन्हात त्यांच्या गालावर एक माशी बसली, तरी ते हलले नाहीत. मी कट म्हटलं. ते उठून बसले, मोबाइलकडं बघितलं आणि तोंड उघडलं. हसू आलं नाही. पुन्हा आडवे झाले, पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी ते हसले. मोठ्यानं, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

आतून धोंडुबाईचा आवाज आला. “हे न्हवं. हे नाटकातलं हाय.”

मी आत गेले. तिला नबीलालची गोष्ट सांगितली. ब्रश, तळपाय, गार होणारा चहा, सगळं. नबीलालला जाऊन तोवर पाच-सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, तू ये. तू पायाला बोट लाव, तुझ्या हातानं ते हसतील. ती उठली. मग भिंत धरत धरत परसदारापर्यंत आली. तात्या पुन्हा पडले होते, डोळे मिटून, हार घालून, पाय तिच्याकडं. तिनं मान वाकडी करून त्यांना शोधलं. सापडल्यावर ती तिथंच थांबली. लग्न नवं असताना माहेरच्या जत्रेत बघितलं होतं तेच पुन्हा दिसत असणार. तिचा हात पुढं झाला आणि मागं आला.

“मला न्हाय जमायचं,” ती म्हणाली, आणि आत गेली.

तात्यांनी हार काढून तुळशीत ठेवला. चटई गुंडाळली. “चहा कर गं,” असं आत सांगितलं. त्यानंतर आम्ही तिघांनीही तो विषय काढला नाही. तांब्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

होळी झाली आणि रंगपंचमीच्या आधी, सकाळी नळाचं पाणी भरताना तात्या खाली बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुखणं जुनं होतं, त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.

अंगणात त्यांना ठेवलं तेव्हा सगळी पेठ जमली होती. बाहेर रस्त्यावर पिचकाऱ्यांची दुकानं लागलेली. बांधाबांध झाली, माणसं खांदा द्यायला वाकली, आणि बायका धोंडुबाईच्या कपाळाला हात लावायला पुढं झाल्या.

“जरा थांबा,” ती म्हणाली.

सगळे थांबले. ती चाचपत पुढं गेली. हात गुडघ्यांवर पडला, तिथून खाली घोट्यांवर आला, तिथून तळपायांवर. बायकांना वाटलं, शेवटचं पाया पडतेय. कोणीतरी हुंदका दिला. तिनं उजव्या पायाच्या टाचेला नख लावलं आणि सावकाश, बोटांपर्यंत ओढत नेलं. मग त्यांच्या तोंडाच्या दिशेनं मान वाकडी करून बघत राहिली.

इतका वेळ ती तशी थांबली की खांदेकऱ्यांपैकी एकानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

तिनं आणखी एकदा नख ओढलं. पुन्हा थांबली.

“न्या आता,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांतच सगळं बंद झालं. त्यानंतर पेठेत जी माणसं गेली त्यांना अंगण मिळालं नाही, खांदे मिळाले नाहीत. तात्या वेळेवर गेले, असं लोक म्हणत. ज्या थिएटरात आम्ही तो सिनेमा बघितला ते पुन्हा उघडलं नाही. आता तिथं गाड्या लावतात. विश्वजित मुंबईला गेला, मोठा झाला. एकदा येऊन धोंडुबाईला भेटून गेला आणि सिनेमातला तो फोटो चौकटीसकट देऊन गेला, तात्यांचा याहून चांगला फोटो कोणाकडं नव्हता म्हणून. तो भिंतीवर आहे. त्याला हार मात्र ती घालू देत नाही. नबीलालचा मुलगा तोहिद नवऱ्या मुलींना रंगवतो. धोंडुबाईची नजर पुढच्याच वर्षी पूर्ण गेली. आता ती माझ्याकडंच राहते. तात्यांच्या भावानं कुरुंदवाडला चल म्हटलं होतं, ती गेली नाही.

मला अजून मालिकांत कामं मिळतात. आजीची, म्हणजे पुढं मरणाऱ्या आजीची. गेल्या महिन्यात राधानगरी रस्त्यावरच्या एका बंगल्यात मी मेले. शॉट झाला, पोरं लगेच दुसऱ्या खोलीत दिवे लावायला पळाली. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं फिरवलेलं होतं. मी उठून बसले, नाकातला कापूस काढला, आणि त्या कॅमेऱ्याकडं बघून एकटीच हसले. बऱ्यापैकी हसू आलं. वायर गुंडाळणाऱ्या पोरीनं वळून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

घरी आले तेव्हा धोंडुबाई दारातच बसली होती. पावलांवरून तिनं मला ओळखलं.

“हसून आलीस न्हवं, अक्का?”

“व्हय,” मी म्हटलं.

तिनं हातानं माझा पाय शोधला आणि पाणी ओतलं.